खसखशीएवढा हूक

कानाच्या एका नाजूक ऑपरेशनसाठी डॉक्टर करमरकरांना खसखशीएवढा स्टीलचा हूक हवा होता. रेवती ढमढेरेने तो थ्रीडी प्रिंटरवर अकरा वेळा छापला, पण छापताना त्याला टेकू देणाऱ्या आधाराच्या काड्या कापल्या की ताटलीत काहीच उरायचं नाही. "कच्चा राहतोय, भुगा होतोय," म्हणत तिने स्टीलची पावडर वितळवणाऱ्या लेझरची आच वाढवली, पावडर बदलली, गणपतीला नारळही बोलली.

बाराव्या वेळी डॉक्टर स्वतःच शेजारी येऊन बसले. रेवतीने श्वास रोखून शेवटची काडी कापली. टिक्! काहीतरी चमकत उडालं, डॉक्टरांच्या चष्म्यावर आपटलं आणि टेबलाखाली गेलं.

"अहो, हा तर पळाला! चुंबक आणा!"

"या स्टीलला चुंबक चिकटत नाही, डॉक्टर," रेवती रडवेल्या आवाजात म्हणाली.

मग दोघंही टॉर्च घेऊन, बोटं ओली करून फरशीवर रांगू लागले. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी आपलं बोट भिंगाखाली धरलं. त्यावर एक नव्हे, तीन हूक चिकटले होते, तिन्ही अगदी निर्दोष.

डॉक्टर हसत उठू लागले. रेवतीने त्यांची बाही धरून त्यांना पुन्हा खाली बसवलं.

"थांबा हो, अजून नऊ असतील!"