हरण्याची परीक्षा

“आज हे कुत्रं नापास झालं तर हे बी जाईल आन् शेळ्याबी,” चतुराबाईनं सुनेला बजावलं आणि पितळी ताट घेऊन ती अंगणात उतरली.

अंजलीनं हरण्याच्या गळ्यातला कासरा सोडायला घेतला. वडवणीचा बाजार नसल्यामुळे वाडीतली झाडून सारी माणसं जमली होती. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

हरण्या माजलगावचा. आई करवान, शिकारी जातीची; बाप कुठला तरी गावठी. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट आणि कोसावरचं हललेलं टिपणारी नजर आईची. बापाकडून त्यानं काय घेतलं होतं, ते अजून कुणाला कळलं नव्हतं. अंजलीच्या गोठ्यातून करडं नाहीशी होऊ लागली होती आणि नवरा परळीला कामाला. राखणीला कुणीतरी हवं म्हणून तिनं निवृत्तीमामांकडून त्याला मागून आणलं. मामा लेकाकडे पुण्याला निघाले होते. कुत्र्याला शेवटचं थोपटताना त्यांनी त्याच्या सगळ्या खोडी सांगितल्या.

“पळणारं दिसलं की ह्याचे कान बंद व्हत्यात, पोरी. पर इमानी हाय. परक्या हातचं मटन दिलं तरी तोंड फिरवतंय. लई दिस लाडीगोडी लावावी लागती. मग ज्याच्या हातचं खाईल, त्याच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवंल. त्या माणसावर कधी भुंकणार न्हाई.”

हनुवटी अंजलीच्या गुडघ्यावर यायला महिना लागला. शेळ्यांचं मात्र फार जड गेलं. आधी त्याला लिंबाखाली बांधून समोर कळप सोडायचा. त्यानं नजर शेळ्यांवरून काढून अंजलीकडे वळवली की भाकरीचा तुकडा. मग कासरा धरून कळपातून फिरवायचं. एखादी शेळी उधळली की हा जीव खाऊन ओढायचा, आणि अंजली आवाज न चढवता म्हणायची, “ऱ्हाऊ दे.” तिच्या तळहातांची सालटी निघाली. एकदा त्यानं तिला फरफटत बाभळीच्या काट्यांत नेलं. पण बाई हट्टाला पेटलेली. माहेरहून आणलेल्या एका शेळीवर तिनं हा कळप उभा केला होता, आणि कुत्रं नापास झालं तर सासू तो विकून टाकणार होती.

धीर दिला तो एकट्या गहिनीनाथअण्णांनी. शेजारचा, गावात मान असलेला माणूस. पण कुत्र्याच्या नुसत्या नावानं गारठायचा. लहानपणी पिसाळलेलं कुत्रं चावून पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली होती, ते सांगताना अण्णा अजून पोट चोळायचे. हरण्या आल्यापासून त्यांनी अंजलीच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. “बांधलंय का गं?” असं कुंपणापलीकडून विचारल्याशिवाय पुढचं बोलायचे नाहीत. गाव पोट धरून हसायचं.

हरण्या आल्यावर करडं जायची थांबली. मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना ती पुन्हा नाहीशी होऊ लागली. रक्ताचा थेंब नाही, हाडूक नाही, आणि हरण्या एकदाही भुंकला नाही. चतुराबाईला आणखी काय हवं?

“भुंकंल कावून? सोताच खातंय की ते.”

“लांडगा असंल, वैनी,” अण्णा पलीकडून म्हणाले. “मुक्या जनावराला बोल लावू नगा. चार माणसांत पारखून बघा, मग काय ते ठरवा.”

अंजलीला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

आज अण्णाही आले होते. पहिल्यांदाच अंगणात. मात्र ओट्यावर, भिंतीला टेकून, दोन्ही पाय वर घेऊन.

कासरा सुटला. हरण्या कळपाच्या मधोमध उभा राहिला. चतुराबाईनं कसलीही दयामाया न दाखवता त्याच्या पाठीमागं ताट बडवलं. शेळ्या चौफेर उधळल्या. हरण्याचे कान ताठ झाले, मांड्यांचे स्नायू थरथरले.

“ऱ्हाऊ दे,” अंजली म्हणाली.

हरण्या बसला. एक करडू तर त्याच्या पाठीवरून उडी मारून गेलं. त्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो अंजलीकडे पाहत होता. चतुराबाईनं हात दुखेपर्यंत ताट बडवलं, शेवटी शेळ्याच दमल्या. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं अंगण दणाणलं. अंजलीला रडू आवरेना. एवढा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

चतुराबाई आत गेली ती भाकरी घेऊनच बाहेर आली. तिनं स्वतःच्या हातानं ती हरण्यासमोर धरली. हरण्यानं भाकरीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“माज बघा की ह्याचा,” ती म्हणाली, पण पहिल्यांदाच हसून. “ऱ्हाऊ द्या त्याला. शेळ्याबी ऱ्हाऊ द्या.”

आनंदाच्या भरात अण्णांनी पाय खाली सोडले होते. “मी काय म्हनलं व्हतं?” ते शेजारच्या माणसाला मोठ्यानं सांगत होते. “लांडगाच नेतोय करडं.”

हरण्या उठला, त्यानं अंग झटकलं आणि गर्दीतून वाट काढत तो ओट्याकडे गेला. आता अण्णा कसे बोंबलतात ते पाहायला माणसं सरसावली. हरण्यानं अण्णांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले. बोलता बोलता, खाली न बघताच, अण्णांचा हात सवयीनं त्याच्या कानामागं खाजवू लागला.