खुर्चीचा डावा हात

पाचर पुन्हा बाहेर पडली होती.

ललिताने खुर्चीचा डावा हात उचलून पाहिला. गेल्या रविवारी तिने तो नीट बसवला होता, सांध्यात लाकडाची पाचर ठोकून घट्ट केला होता. आता हात वेगळा, पाचर वेगळी. लाकडावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"कोणी हात लावला माझ्या खुर्चीला?" तिने विचारलं.

कसबा पेठेतल्या त्या सुतारकाम मंडळात कोणी मान वर केली नाही. करणारही नव्हतं म्हणा. रविवारी सकाळी एकदा रंधे सुरू झाले की दुसऱ्याच्या टेबलाकडे बघायचं नाही, असा इथला शिरस्ता. आणि पुण्यात शिरस्ता म्हणजे शिरस्ता, त्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

थोड्या वेळाने शमशुद्दीनभाई तिच्या टेबलापाशी आले. मंडळ तेच चालवायचे. त्यांनी पाचर बोटांत फिरवली.

"पुन्हा निघाली," ते म्हणाले.

"धोंडिबामामा असतील," पलीकडून शर्मिला म्हणाली. आठवडाभर आयटी कंपनीत स्क्रीनपुढे बसणारी ही मुलगी रविवारी इथे पोळपाट घडवत असे. "त्यांना ढिला सांधा कुठे चालायचा?"

मंडळ सुरू केलं ते धोंडिबामामांनी. ते जाऊन बराच काळ लोटला होता. एरवी अशा बोलण्यावर कोणीतरी खवचट टोला हाणला असता. आज कोणी हसलंसुद्धा नाही.

ललिताच्या अंगावर काटा आला.

खुर्ची तिच्या नवऱ्यासाठी होती. अनिरुद्धची पाठ कायमची दुखावलेली. घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीतून उठताना तो असा कण्हायचा की तिचा जीव तुटायचा. तुझ्या मापाची खुर्ची मी स्वतः करीन, असा शब्दच तिने त्याला दिला होता. बाकी सगळं झालं होतं, हा एक हात तेवढा राहिला होता.

हल्ली तर तो फारच खचला होता. वारज्याच्या घरी तिच्याशी एक शब्द बोलत नसे. अर्धं ताट टाकून उठायचा, भिंतीकडे बघत बसायचा. ती काही विचारायला गेली की दिवा घालवून आडवा व्हायचा. एकदा या खुर्चीत पाठ टेकली की माणूस ताळ्यावर येईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

शमशुद्दीनभाईंनी नेहमीप्रमाणे एकेकाचं नाव घेत चहा ठेवला. ज्याचं काम अर्धं तो सभासद, हा मंडळाचा दुसरा शिरस्ता. इंद्रजीत अर्धं स्टूल टाकून जर्मनीला गेला, तरी त्याचं नाव पुकारलं जाई आणि स्टुलापुढे कप ठेवला जाई.

"कुरियरने पाठवा त्याला चहा," शर्मिला म्हणाली.

"ललिताताई, घ्या," म्हणत भाईंनी तिच्यापुढेही कप ठेवला. पण तिचं लक्ष कुठे होतं! तिने नवी पाचर तासली, जरा जाड ठेवली आणि जीव खाऊन ठोकली. चहा निवून गेला.

"मामा, हात जोडते तुम्हाला," ती पुटपुटली. "एवढी खुर्ची होऊ द्या. मग मी काही मागणार नाही."

मामांनी ऐकलं नाही. पुढच्या रविवारी हात वेगळा, पाचर वेगळी.

आता मात्र तिची भीती मागे पडली आणि राग आला. भूत तर भूत, तोंडावर विचारीन! शनिवारी दुपारी, मंडळाचं कुलूप उघडण्याआधीच, ती फळ्यांच्या ढिगामागे जाऊन बसली.

बऱ्याच वेळाने कडी वाजली. पावलं आत आली, सावकाश, एक पाय किंचित ओढत. ललिताच्या टेबलापाशीच ती थांबली. मग हातोडीचे हलके ठोके ऐकू आले. कोणीतरी उलट्या बाजूने पाचर मोकळी करत होतं, लाकूड दुखू नये अशा बेताने.

ललिताने डोकावून पाहिलं.

अनिरुद्ध होता.

कमरेत वाकलेला, घामाघूम झालेला तिचा नवरा तिच्या खुर्चीचा सांधा उचकटत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्यासाठी मरमर करावी त्यानेच घात करावा? आणि दारात, किल्ल्यांचा जुडगा हातात धरून, शमशुद्दीनभाई नुसते बघत उभे होते!

"अहो अनिरुद्ध, किती दिवस चालणार हे?" भाई म्हणाले. "त्या दर रविवारी ठोकतात, तुम्ही दर शनिवारी काढता. पुरी होऊ द्या ना ती खुर्ची."

"पुरी झाली की ती यायची थांबेल."

"थांबू द्या. दमल्या असतील त्या."

कोण दमलंय? ललिता ताडकन उठली, फळ्यांमागून बाहेर आली आणि दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दोघांपैकी कोणीही तिच्याकडे पाहिलं नाही.

"घरी तिचा नुसता हार घातलेला फोटो आहे, भाई," अनिरुद्ध म्हणाला. "येते ती इथंच."