इस्त्रीवरचं मीठ

वहिनी वारल्याची बातमी आली त्याच आठवड्यात लाँड्रीवाल्याने रोजच्यासारखी इस्त्री उलटी धरली आणि ती तापली का ते पाहायला पाण्याचा थेंब टाकला. थेंब चर्र करून उडाला. एरवी मागे काही उरत नसे. आज मिठाचं पांढरं कडं उरलं.

याच टेबलाशी वहिनीने उभा जन्म काढला होता. भाऊ गेल्यावर लाँड्रीवाल्याने तिला दुकानातून हाकललं. जाताना ती एवढंच म्हणाली होती, "भाऊजी, या इस्त्रीवर माझा घाम गळलाय. तेवढा पुसून घ्या, मग दुकान तुमचं."

त्याने कडं पुसलं. भांड्यातलं पाणी चाखलं, ते गोडच होतं. दुसरा थेंब टाकला, दुसरं कडं उठलं.

"अहो, इस्त्री अळणी लागत होती का?" बायको हसली. तो हसला नाही.

त्याने नवीकोरी इस्त्री आणली. तिच्यावरही मिठाची कडी उठली आणि पुसूनही गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर उमटू लागली.

"कोट धुतलात की खारवलात?" एक गिऱ्हाईक कडाडलं आणि गठ्ठा उचलून समोरच्या दुकानात गेलं. मागोमाग बाकीचीही गेली.

रिकाम्या दुकानात त्याने इस्त्रीची वायर उपटली, इस्त्री गार होऊ दिली, पाण्याचं भांडं रस्त्यावर ओतलं.

"आता या, वहिनी," तो दातओठ खात म्हणाला. "बघू कशावर उठता!"

छत कोरडं ठणठणीत होतं. तरी वरून एक थेंब त्याच्या उघड्या मानेवर पडला, आणि चर्र झालं.