सव्वीस जणींची हजेरी

सत्यजीत सर दारात येऊन उभे राहिले आणि नेमके तेव्हाच गोधडीवर मांडलेले सव्वीस मोबाइल उजळले. प्रत्येकावर एकच प्रश्न होता: ‘तुम्ही वर्गात आहात का?’

मिनिटभरात ‘हो’ दाबलं नाही तर गैरहजेरी पडते. दुसऱ्या कुणाची पाचावर धारण बसली असती. गिताबाईनं सरांकडे एकदा पाहिलं, खाली वाकली आणि एका टोकापासून ‘हो’ दाबत सुटली. सगळे झाल्यावर उठून तिनं पदर नीट केला.

नवरा गेल्यापासून तिचं हे असंच होतं. भीती कळायची, पण आतपर्यंत पोचायची नाही.

सरांना तिनं लगेच ओळखलं. शिरूरच्या बी.एड. कॉलेजात ते शिकवायचे आणि वर्षभर ऑनलाइन तासाला मोबाइलवर दिसायचे, पण छातीपर्यंतच. सर एवढे उंच असतील असं तिला वाटलं नव्हतं. आज तास तेजश्री मॅडमचा होता, म्हणूनच ते मोकळे असावेत.

“दौंडहून, घरून आलो,” सर म्हणाले. “हजेरीच्या अ‍ॅपमध्ये जागा दिसते. सव्वीस मुली, सगळ्या तळेगाव ढमढेऱ्यात, आणि सगळ्या एकाच घरात.”

त्या सव्वीस जणी या वेळी रांजणगावच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला होत्या. गेटाच्या आत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून पहाटे कंपनीची बस पकडताना तो इथं ठेवून जायच्या. आधी एकट्या करुणाचा, म्हणजे गिताबाईच्या लेकीचा होता. मग तिच्या मैत्रिणींचे आले, मग मैत्रिणींच्या मैत्रिणींचे. चोराच्या मनात चांदणं. कडी वाजली की गिताबाई गोधडीवर चादर ओढायची. आज दार उघडंच राहिलं होतं.

सर पाट ओढून बसले. “हजेरी कधी चुकते?”

“न्हाई सर.”

“लाइट गेली तर?”

“मोठी बॅटरी ठिवलीय. मोबाइल बंद पडत न्हाईत.”

“आणि तुम्हीच कुठं गेलात तर?”

“एकदाच गेले व्हते, मयतीला. तवा शेजारच्या साळूबाईला बसवलं. तिलाबी शिकवून ठिवलंय.”

सरांनी मान हलवली. सगळं डोक्यात टिपून घेत असावेत.

“तासाच्या शेवटी प्रश्न येतात. त्यांची उत्तरं कोण देतं?”

“मीच. एका मोबाइलचा आवाज चालू ठिवते आन् ऐकते.” आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं? “समद्यांचं बरोबर आलं तर संशय येईल, म्हणून रोज चार-पाच पोरींचं मुद्दाम चुकवते. पाळीपाळीनं. माझ्या करुणाचंबी.”

“तुमचं शिक्षण?”

“सातवी.”

वर्गात विचारावं तसं सरांनी विचारलं, “शिक्षकानं आधी प्रश्न विचारायचा, की आधी मुलाचं नाव घ्यायचं?”

“प्रश्न आधी,” गिताबाई म्हणाली. “मग थोडं थांबायचं. मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीची पोरं सुटलो म्हणत्यात आन् डोकं बंद करत्यात. दिवाळीच्या आधी तुम्हीच सांगितलं व्हतं.”

“अकरा वर्षं सांगतोय,” सर म्हणाले. “कुणी परत बोलून दाखवलं नव्हतं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, कौतुकही नव्हतं.

मोबाइल पुन्हा उजळले. गिताबाई वाकली. सर घड्याळाकडे बघत राहिले.

“चाळीस सेकंद,” ती उठल्यावर ते म्हणाले.

आता मात्र तिनं हात जोडले. “सर, काय लिवायचं ते माझ्या नावावर लिवा. पोरींचं वरीस घालवू नका. करुणाचा शाळंतला शेवटचा पाठ म्होरल्या महिन्यात हाय. आमच्या घरात पयलीच मास्तरीण व्हणार हाय ती.”

सर उठले. दारापाशी गेले, गल्लीत दोन्हीकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं. मग खांद्यावरच्या बॅगेची चेन उघडून त्यांनी आत हात घातला. करुणाचं नाव असलेला कागद निघणार, म्हणून गिताबाईनं डोळे मिटले.

कागद वाजला नाही. तिनं डोळे उघडले तेव्हा सर गोधडीपाशी खाली बसून शेवटच्या रांगेत स्वतःचा मोबाइल ठेवत होते.

“गेल्या सोमवारपासून आम्हा प्राध्यापकांनाही ऑनलाइन कोर्स लावलाय, बाई. दोन ते चार,” ते म्हणाले. “विषय आहे, वर्गात विद्यार्थ्यांचं लक्ष कसं टिकवावं.”