यादीत नसलेला आजार

बाथरूममध्ये पाय घसरल्यापासून तोडकरांची मांडी आतल्या आत रक्तानं फुगत चालली होती. तरुण डॉक्टर स्क्रीनवर शोधून दमली.

"काका, हिमोफिलिया यादीतच नाही. तो आता गर्भातच दुरुस्त होतो ना."

"माझ्या वेळी होत नव्हता," तोडकर म्हणाले. "रक्त गोठायचं इंजेक्शन द्या. गेल्या वर्षी इथंच दिलं होतं."

तिनं चार ठिकाणी फोन लावले. घेणारं कुणी उरलं नाही म्हणून ते बनवणंच बंद झालं होतं. रक्तपेढीतही आता नुसतं कृत्रिम रक्त होतं, ते गोठत नसे.

शेवटी बर्फ आला. तो कुठं धरायचा, पट्टी किती आवळायची, हे तोडकरच तिला सांगत होते.

"इंजेक्शन निघण्याआधी लोक काय करायचे?"

"पडून राहायचे. माझे मामा चार दिवस हलले नाहीत."

"मग?" तिनं आशेनं विचारलं.

पाचव्या दिवशी लहानग्या तोडकरांना शाळेतून मध्येच घरी नेलं, तेव्हा मामांना खाली घोंगडीवर ठेवलेलं होतं.

"ती बर्फाची पिशवी दे इकडे," ते म्हणाले. "तुझे हात गारठलेत, पोरी."