सरळ लटकलेले बोंबील

माझी ताई रविना विमान पडून गेली. पण ते झालंच नाही असं समजून पुढचं सांगतो.

ताई तलासरीजवळच्या एका धावपट्टीवर छोटं विमान चालवायला शिकत होती. उड्डाणाआधी रोज वरोरला घरी फोन करायची. "दिप्या, बोंबील कुठल्या बाजूला झुकलेत?" आमच्या अंगणात दोऱ्यांवर बोंबील वाळत असतात. वरोरचा वारा तासाभरात तलासरीला पोचतो, हे तिचं विज्ञान.

त्या सकाळी मी अंथरुणातच होतो. न बघताच म्हणालो, "सरळ लटकलेत. तुझ्यासारखे आळशी."

"आळशी तू, मेल्या," म्हणून ती हसली आणि फोन ठेवला. तासाभराने विमानाची चाकं जमिनीवरून सुटली आणि आडव्या वाऱ्याने ते कलंडवलं.

आईला मी सांगितलं, त्या दिवशी तिचा फोन आलाच नव्हता.

तेव्हापासून आमचे बोंबील सरळच लटकतात. आज तर माड वाकलेत, आमची चादर उडून शेजाऱ्यांकडे राहायला गेलीय. बोंबील हलत नाहीत. आईने एक बोंबील हाताने ढकलून बघितला. तो हळूच परत सरळ झाला.

"दिप्या," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू तिला काय सांगितलेलंस?"

मी वही ओढून अर्ज लिहायला घेतला, कोणाला पाठवायचा ते ठाऊक नसताना:

माननीय महोदय, माझ्या त्या सकाळच्या उत्तरात दुरुस्ती करून 'बोंबील पार आडवे झालेत' असे वाचावे, व तसे कु. रविना हिला उड्डाणापूर्वी कळवावे, ही नम्र विनंती.