तोंडी परीक्षा

‘पह्यले तुमी करून दाखवा,’ रूपरावांनी पाटीवर लिहिलं आणि पाटी आकांक्षाच्या तोंडासमोर धरली.

दोन महिने ती त्यांना हेच शिकवत होती. तोंडात हवा कोंडायची, जिभेने मागे रेटायची, अन्ननलिकेच्या तोंडाशी अडवायची आणि पोटात उतरायच्या आत वर सोडायची. ढेकर येतो तसा आवाज येतो. त्याला ओठांनी नि जिभेने आकार दिला की शब्द होतो. सुरुवात ‘पा’पासून, कारण प म्हणताना ओठ मिटतात आणि हवा आपोआप मागे ढकलली जाते.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने रूपरावांच्या घशात कॅन्सर केला होता. वर्ध्याच्या डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्रच काढून टाकलं. आता ते गळ्याच्या पुढच्या भोकातून श्वास घेत. त्या भोकावर त्यांची बायको, आनंदाबाई, रोज धुतलेलं पातळ फडकं बांधत. सिंदीच्या कापूस बाजारात तीस वर्षं बोली पुकारलेला माणूस पाटी-पेन्सिल घेऊन हिंडत होता.

‘उद्यापासून येनं बंद म्हन्तेत,’ आनंदाबाई म्हणाल्या. ‘जे जमतच नाई ते काऊन करा, म्हन्तेत. पह्यले मीच म्हनो, घडीभर चूप बसा. आता चूप हायेत तं घर खायले उठते.’

रूपरावांनी पाटीवर बोटाने टकटक केलं. त्यांना उत्तर हवं होतं.

आकांक्षाची नजर भिंतीवरच्या चौकटीकडे गेली. तिथे तिचं वाचा-उपचारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र होतं. चार वर्षांचा अभ्यास, त्यातलं शेवटचं वर्ष रोज रुग्णांसोबत, मग पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीत नाव आणि नंबर. तो नंबर नसता तर तिला या खुर्चीत बसता आलं नसतं. ते योग्यच आहे, असं तिला वाटे. अडाण्याने गिळायला शिकवलेल्या रुग्णाचा घास श्वासनलिकेत जाताना तिने पाहिला होता. पण शेवटच्या तोंडी परीक्षेत तिला नेमका हाच प्रश्न आला होता. स्वरयंत्र नसलेला माणूस बोलेल कसा? तिने फळ्यावर आकृती काढून सांगितलं. पैकीच्या पैकी मार्क मिळाले. करून दाखव, असं कोणी म्हटलं नाही. त्याआधी होस्टेलवर सोडा पिऊन पिऊन तिने करून पाहिलं होतं. उचक्यांपलीकडे काही आलं नव्हतं.

‘काका, मले येत नाई,’ ती म्हणाली. दवाखान्यात ती पुस्तकी मराठी बोले. तिच्या गावची, देवळीची बोली आज आपणहून तोंडात आली.

‘येत नाई?’ आनंदाबाईंनी चौकटीकडे हात केला. ‘मंग हा कागद कायचा हाय वो माय?’

‘त्याच्यासाठी करून दाखवा लागत नाई, काकू. समजावता आलं म्हंजे झालं.’

‘हे बरं हाय. मी बी आता असाच सैपाक शिकवीन. समजावून. चुलीपाशी जातच नाई.’

रूपराव हसले. हसण्याचा आवाज आला नाही, गळ्यावरचं फडकं तेवढं फडफडलं. मग त्यांनी पाटी पुसली, पिशवीत टाकली आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागले.

‘थांबा काका,’ आकांक्षा म्हणाली. ‘करून पाह्यतो मी. तुमच्यासमोर.’

ते अर्धवट उठलेले पुन्हा बसले.

तिने तोंड भरून हवा घेतली, ओठ मिटले, जीभ टाळूला लावून रेटली. हवा पोटात गेली. दुसऱ्यांदा आवाज आला, पण तो तिचा नेहमीचा होता. निरोगी कंठ मध्येच बोलून गेला. तिसऱ्यांदा उचकी लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. आनंदाबाई तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघू लागल्या.

रूपराव मात्र पुढे वाकले होते. इतके दिवस ते तिचं बोलणं ऐकत आले होते. आज पहिल्यांदा तिचं तोंड बघत होते. कापसाची गाडी बोलीला येताच ढिगात हात घालून आतला माल तपासावा, तसे. चौथ्यांदा तिची हवा खाली गेली, तेव्हा त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. स्वतःच्या हनुवटीखाली बोट ठेवलं. इथेच अडव, अशी खूण केली. तू सोडायला उशीर करतेस, अशी दुसरी केली.

मग त्यांनी ओठ मिटले.

आकांक्षा सवयीने गळ्यावरच्या फडक्याकडे बघत होती. दोन महिने प्रत्येक प्रयत्नाला ते फुगत आलं होतं, कारण रूपराव छातीतून जोर लावत. आता ते हललं नाही. श्वास जागच्या जागी होता. आणि तरीही खोलीत आवाज झाला. जाड पोतं टरकावं तसा, खरखरीत, खोल. भाकर आणि पाणी यांखेरीज काही न जाणणारी नळी बोलत होती. ही आकृती आकांक्षाने शंभरदा काढली होती. तिची उचकी थांबली होती, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

‘आलं वो माय!’ आनंदाबाई खुर्चीचा पाय धरून मटकन खालीच बसल्या. ‘पा आलं!’

रूपरावांनी मान हलवली. नाही. ते ‘पा’ म्हणालेच नव्हते. त्यांनी पुन्हा हवा कोंडली, आणि या वेळी शब्द शेवटपर्यंत ऐकू आला.

‘पाह्य,’ ते आकांक्षाला म्हणाले, आणि आता तिने करावं म्हणून तिच्या ओठांकडे बघत बसले.